पियानो पियानोसारखा ऐकू यावा म्हणून: घरासाठी स्पीकर निवडताना

स्पीकरमधून गायकाचा आवाज खरा वाटणे तुलनेने सोपे असते. पियानो खरा वाटणे कठीण, आणि त्याचे कारण वाद्याच्या घडणीतच आहे. पेटीवर पट्टी दाबल्यावरही भात्याच्या जोरावर स्वर वाढवता-घटवता येतो. पियानोत मात्र हातोडी तारेवर आदळली की तो स्वर वादकाच्या हातातून सुटतो आणि विरू लागतो. पट्टी सोडून किंवा पेडलचा पाय उचलून तो थांबवता येईल, पण फुलवता येणार नाही. प्रत्येक स्वराच्या आरंभी तबल्यासारखा आघात आणि त्यामागून तानपुऱ्याची आठवण करून देणारी आस, म्हणजे रेंगाळत विरणारी गुंज, अशी ही जोडी आहे. आपल्याकडचे त्याचे सर्वांत जवळचे नातेवाईक म्हणजे संतूर. फक्त संतुराला पियानोचा खर्ज नाही आणि तो जोरही नाही.

बहुतेक बऱ्या स्पीकरांना आघात जमतो. त्यांची फजिती होते ती आस विरताना, आणि तीही मधल्या सप्तकांत. दुकानात भिंत हादरवणारा खर्ज आणि लखलखीत टीप यांचीच तारीफ होते, पण पियानोच्या बाबतीत निकाल लागतो तो मधल्या तीन-चार सप्तकांत प्रत्येक पट्टी शेजारच्या पट्टीइतकीच, तिच्याच पोताची वाजते की नाही यावर. मी स्वतः हे उशिरा शिकलो. एका दुकानात गायिकेच्या ध्वनिमुद्रणावर भाळून मी जे स्पीकर घेतले, त्यांतून घरी पियानो लावला तेव्हा मध्य सप्तकातल्या चार-पाच पट्ट्या लाकडी खोक्यात ठेवून वाजवल्यासारख्या येत होत्या. त्यांच्या वरचे आणि खालचे सारे ठीक होते. चार महिन्यांत ते निम्म्या किमतीला विकले. पुढील मार्गदर्शन त्या नुकसानीतूनच आले आहे.

आधी खरा पियानो ऐका

कानात मूळ आवाज नसेल तर तुलना कशाशी करणार? मुंबईकरांना धोबीतलावच्या फुर्टाडोजसारख्या वाद्यांच्या दुकानात किंवा नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रातील मैफलींत तो ऐकता येईल. गोव्यात तर अनेक जुन्या घरांच्या दिवाणखान्यांत पियानो असतो. मैफलीत ध्वनिवर्धक लावलेला नाही ना, एवढे पाहून घ्यावे.

दुकानात विक्रेत्याला एकच विनंती करावी: मध्यापासून थोडी डावीकडची एखादी पट्टी जोरात वाजवून तशीच दाबून ठेवा. मग डोळे मिटून ऐकावे. पहिला धक्का, त्यात मिसळलेला लाकडाचा ‘धप्’ असा आवाज, नंतर भरभर ओसरणारी लाट, आणि ती ओसरल्यावर मागे राहिलेली, पंधरा-वीस सेकंद रेंगाळणारी मंद आस. ही दोन टप्प्यांची उतरण काल्पनिक नाही. मधल्या आणि वरच्या भागात एका स्वरासाठी तीन-तीन तारा असतात, त्या अगदी तंतोतंत एका सुरात नसतात आणि एकमेकींशी ऊर्जेची देवघेव करतात. गॅब्रिएल वाइनरायख यांनी १९७७ मध्ये याचे भौतिकशास्त्र सविस्तर मांडले. चांगल्या स्पीकरमध्ये हे दोन्ही टप्पे वेगळे कळतात. सुमार स्पीकरमध्ये दुसरा टप्पा एक तर गायब होतो किंवा खोक्याच्या स्वतःच्या गुंजनात बुडून जातो.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. पियानोच्या पोलादी तारा ताठर असतात, त्यामुळे त्यांचे वरचे उपस्वर, म्हणजे मूळ स्वरासोबत बारीक वाजणारे स्वर, गणिताने यावेत त्याहून किंचित चढे येतात. खर्जातल्या जाड तारांना म्हणूनच थोडी धातूची धार असते. ती धार खरी आहे. ती पुसून खर्ज लोण्यासारखा मऊ करणारा स्पीकर गोड वाटेल, पण तो वाद्याशी प्रामाणिक नाही.

माहितीपत्रकातले कोणते आकडे पाहावेत

पियानोच्या ८८ पट्ट्या २७.५ हर्ट्झपासून (म्हणजे सेकंदाला तेवढी कंपने) ४१८६ हर्ट्झपर्यंत जातात. ‘२७.५ हर्ट्झपर्यंत न उतरणारा स्पीकर नको’ असा अर्थ यावरून अनेक जण काढतात, आणि तिथेच पैसे वाया जायला सुरुवात होते. ५० हर्ट्झपर्यंत नीट उतरणारा स्पीकर घेतला तर ८८ पैकी फक्त सर्वांत खालच्या ११ पट्ट्यांचा मूळ स्वर त्याच्या आवाक्याबाहेर राहतो. त्यातही त्या पट्ट्यांची बरीचशी ऊर्जा उपस्वरांतच असते, आणि उपस्वर नीट मिळाले की मूळ स्वराची जागा मेंदू स्वतः भरून काढतो. मोठ्या ग्रँड पियानोचा खाली पसरलेला गाभा हवाच असेल तर ४० हर्ट्झच्या आसपास पोहोचणारा स्पीकर पुरतो. त्याखाली उतरण्याची किंमत मोठी आहे: तेवढ्याच जोराचा आवाज एक सप्तक खाली काढायचा, तर वूफरच्या, म्हणजे खालचे स्वर काढणाऱ्या मोठ्या भागाच्या, पडद्याला चौपट मागे-पुढे हलावे लागते. पाच इंची वूफरला हे झेपत नाही, आणि ते झेपवण्याच्या धडपडीत तो मधल्या स्वरांनाही डागाळतो.

आता दुसरे टोक पाहू. ८८ पैकी ७५ पट्ट्यांचा मूळ स्वर २००० हर्ट्झच्या खाली असतो. सर्वसाधारण दोन-मार्गी स्पीकरमध्ये वूफरकडून ट्वीटरकडे, म्हणजे वरचे स्वर काढणाऱ्या छोट्या भागाकडे, सूत्रे जातात ती २००० ते ३००० हर्ट्झच्या दरम्यान. म्हणजे जवळपास सगळा पियानो वूफर वाजवतो आणि ट्वीटर त्याला फक्त उपस्वर व हातोडीची धार पुरवतो. दुकानदार ट्वीटर कशाचा बनला आहे यावर दहा मिनिटे बोलेल. आपण वूफर आणि खोक्याबद्दल विचारावे.

या सांध्याचीच आणखी एक अडचण आहे. २००० हर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे १७ सेंटिमीटर असते. आठ इंची वूफरचा पडदा साधारण तेवढाच असल्यामुळे तिथे तो आवाज समोरच्या झोतात फेकू लागतो, तर त्याच्या वरचा इवलासा ट्वीटर चहूकडे पसरवतो. समोर बसून ऐकताना फरक कळत नाही, पण खोलीच्या भिंतींवरून परत येणारा आवाज त्या एका जागी अचानक बदलतो आणि उजव्या हाताची ओळ वर चढताना वाद्यच बदलल्याचा भास होतो. यावर तीन उपाय प्रचलित आहेत: वूफर लहान ठेवणे, मध्ये तिसरा, मधल्या स्वरांचा स्पीकर घालणे, किंवा केईएफ कंपनीच्या एलएस५० मालिकेप्रमाणे ट्वीटर वूफरच्या मध्यभागीच बसवणे. उपाय कोणताही चालेल, पण तो अमलात आल्याची खात्री, स्पीकर कोणता स्वर कोणत्या दिशेला किती जोराने देतो हे दाखवणाऱ्या आलेखावरून करून घ्यावी. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत आणि पुढे हार्मन या स्पीकर बनवणाऱ्या कंपनीत ध्वनितज्ज्ञ फ्लॉइड टूल यांनी पडद्याआडून स्पीकर ऐकवून जे प्रयोग केले, त्यांचा निष्कर्ष असा की समोरचा आलेख सपाट आणि बाजूंचा आलेख गुळगुळीत उतरता असलेले स्पीकर बहुसंख्य श्रोत्यांना पसंत पडतात. असे आलेख अनेक स्पीकरांसाठी आता सहज मिळतात. त्यात १०० ते २००० हर्ट्झच्या पट्ट्यात उंचवटे नाहीत ना, हे सर्वांत आधी पाहावे.

जोराचे गणितही करून पाहण्यासारखे आहे. खोलीतल्या ग्रँड पियानोच्या जोरकस वादनात क्षणभराची शिखरे १०० डेसिबलच्या पुढे सहज जातात. फ्लॅटमध्ये शेजाऱ्यांशी संबंध टिकवायचे तर आपण ९५ वर समाधान मानू. स्पीकरची संवेदनक्षमता ८६ डेसिबल असेल, म्हणजे एका वॉटला एक मीटरवर तो ८६ डेसिबल देत असेल, तर नेहमीच्या दिवाणखान्यात अडीच-तीन मीटरवर दोन्ही स्पीकर मिळून एकेका वॉटला जवळपास ८५ मिळतात. वर दहा डेसिबल हवे तर शक्ती दसपट, म्हणजे दहा वॉट. १०५ हवे तर शंभर. शक्ती दुप्पट केली की पदरात फक्त ३ डेसिबल पडतात, म्हणून ८२-८३ डेसिबलचा छोटा, रुबाबदार स्पीकर घेणाऱ्याने अ‍ॅम्प्लिफायरला दुप्पट-अडीचपट शक्ती लागणार हे धरूनच चालावे. शक्ती कमी पडली तर पियानोत ते लगेच कळते: जोराच्या सुरावटीत आघात बोथट होतो आणि सगळे स्वर एकाच उंचीचे वाटू लागतात.

खोके आणि प्रकार

खोक्याच्या फळ्या साधारण १५० ते ५०० हर्ट्झच्या पट्ट्यात कंप पावतात, आणि पियानोचे मधले सी २६१.६ हर्ट्झवर, म्हणजे नेमके त्या पट्ट्याच्या पोटात आहे. माझ्या ‘लाकडी खोक्यातल्या’ चार-पाच पट्ट्यांचे मूळ इथेच होते. बोटाच्या पेराने खोक्याच्या बाजूवर टकटक करून पाहावी. आवाज आखूड आणि मुका हवा, माठ पक्का भाजला का पाहताना येतो तसा सुरेल नको. त्याहून बरी परीक्षा म्हणजे पियानो वाजत असताना खोक्याच्या कुशीला कान लावणे. एखादा स्वर लाकडातून स्पष्ट बोलत असेल तर तो खोलीतही बोलणार आहे.

खोके जड असावे हा एक मार्ग झाला. बीबीसीच्या अभियंत्यांनी उलट मार्ग धरला होता. बर्च प्लायवूडच्या पातळ फळ्यांना आतून कंप शोषणारा, जड लेप देऊन त्यांनी कंपने खाली ढकलली आणि लवकर मारली. स्टुडिओबाहेरच्या प्रक्षेपण-गाड्यांसाठी १९७० च्या दशकात केलेला त्यांचा एलएस३/५ए हा छोटासा स्पीकर आजही वाखाणला जातो. त्यावर मधला पियानो फार सुंदर वाजतो. मात्र खर्ज मर्यादित आणि जोर बेताचा, हे मान्य करूनच तो घ्यावा. खोकेच नसलेला पर्याय म्हणजे स्थिर-विद्युत (इलेक्ट्रोस्टॅटिक) पडद्याचे स्पीकर. क्वाड कंपनीचा १९५७ सालचा असा स्पीकर अजूनही जाणकारांच्या तोंडी आहे. मधल्या सप्तकांतली आस त्याच्याइतकी निर्मळ मी क्वचितच ऐकली आहे. पण हे पडदे मागेही तेवढाच आवाज फेकतात, त्यांना मागे तीन-चार फूट मोकळी जागा लागते, आणि दहा बाय बाराच्या दिवाणखान्यात सोफा, टीव्ही व पाहुणे यांच्यासह ती कुठून आणायची?

बंद खोके की हवा बाहेर सोडायला भोक ठेवलेले, या वादात माझा कल पियानोपुरता बंद खोक्याकडे आहे. बंद खोक्याचा खर्ज सप्तकामागे १२ डेसिबलने हळूहळू उतरतो, भोकाच्या खोक्याचा २४ ने कोसळतो आणि त्या कड्यापाशी स्वर किंचित रेंगाळतो. लहान खोलीत भिंती खर्ज वाढवतातच, त्यामुळे बंद खोक्याची हळुवार उतरण तिथे बरोबर बसते. तरीही चांगल्या रचनेचे भोकाचे खोके वाईट रचनेच्या बंद खोक्यापेक्षा केव्हाही चांगले.

जुना स्पीकर घेत असाल तर वूफरच्या कडेची किनार पाहावी. फोमची किनार मुंबई-कोकणच्या दमट हवेत कालांतराने भुसभुशीत होते आणि बोटाने हलके दाबले तरी तुकडा पडतो. रबराची किनार खूप टिकते. तारांवर फार बोलण्यासारखे नाही. विजेच्या सामानाच्या दुकानातली अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची तार पुरे.

दुकानात काय वाजवावे

सोबत आपले ध्वनिमुद्रण न्यावे, शक्यतो सीडीच्या दर्जाचे, आणि ब्लूटूथवरून वाजवू नये. त्यात तीन गोष्टी असाव्यात.

पहिली आणि सर्वांत महत्त्वाची: पियानोच्या सर्व पट्ट्या, काळ्या-पांढऱ्या दोन्ही, क्रमाने, संथपणे, सारख्याच जोराने वाजवलेल्या. फोनवर पियानोचे साधे अ‍ॅप असेल तर असे ध्वनिमुद्रण अर्ध्या तासात तयार होते. ते ऐकताना संगीत विसरावे आणि एवढेच टिपावे: कोणती पट्टी उसळून वर आली, कोणती दबली, कोणत्या पट्टीपासून पोत बदलला. कागदावर लिहून ठेवावे. विक्रेता थोडा कंटाळेल, कंटाळू द्यावे.

दुसरी: सारख्या चालीत तुटक स्वर असलेली रचना. बाखच्या सी मेजरमधील पहिल्या प्रिल्यूडइतकी सोयीची रचना मला दुसरी माहीत नाही, कारण तीत जवळजवळ शेवटपर्यंत सारखीच नक्षी फिरत राहते आणि एखादा स्वर पुढे आला की तो वादकामुळे नाही हे लगेच कळते.

तिसरी: वाद्याबाहेरचे काही ऐकू येणारे ध्वनिमुद्रण. पियानोवादक ग्लेन गूल्ड वाजवताना गुणगुणत असत. आवाज न वाढवता ते गुणगुणणे पियानोच्या मागे, वेगळ्या जागी ऐकू येत असेल तर स्पीकर बारकावे देतो आहे.

ध्वनिमुद्रणाचे दोष मात्र स्पीकरच्या माथी मारू नयेत. जॅझ पियानोवादक कीथ जॅरेट यांची २४ जानेवारी १९७५ ची जर्मनीतल्या कलोनमधली मैफल अनेक जण चाचणीला लावतात. त्या रात्री त्यांच्या वाट्याला हव्या त्या पियानोऐवजी एक छोटा, अशक्त खर्जाचा आणि किरट्या तारसप्तकाचा पियानो आला होता आणि त्यामुळे ते बराच वेळ मधल्या भागातच वाजवत राहिले. त्यावर खर्ज कमी वाटला तर स्पीकर खरे बोलतो आहे. तसेच काही ध्वनिमुद्रणांत मायक्रोफोन झाकणाच्या आत असतात आणि पियानो एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत पसरतो. समोर बसलेल्या श्रोत्याला वाद्य कधीच एवढे रुंद ऐकू येत नाही.

दोन स्पीकरांची तुलना करताना दोन्हींचा आवाज सारखा करून घ्यावा, फोनवरच्या डेसिबल-मापकाने झाला तरी चालेल. थोडा मोठा वाजणारा स्पीकर कानाला नेहमी चांगलाच वाटतो, आणि हे विक्रेत्याला आपल्याहून चांगले ठाऊक असते.

घरी आल्यावर

आपल्या घरांच्या भिंती विटा-सिमेंटच्या, छत काँक्रीटचे आणि फरशी गुळगुळीत. लाकडी सांगाड्याच्या परदेशी घरातून खर्ज भिंतींवाटे बाहेर निसटतो. आपल्याकडे तो आतच घुमतो. बारा फूट लांबीच्या खोलीत दोन भिंतींमध्ये उभी राहणारी लहर सुमारे ४७ हर्ट्झची, म्हणजे पेटीच्या भाषेत अतिखर्जातली काळी तीन. दहा फुटांची सुमारे ५६ हर्ट्झची, म्हणजे पांढरी सहाच्या जवळ. त्यांच्या वरच्या सप्तकातही हेच स्वर पुन्हा फुगतात. सर्व पट्ट्यांचे ध्वनिमुद्रण घरी वाजवले की हे फुगे नेमके त्याच पट्ट्यांवर सापडतात. खोली चौरस असेल तर दोन्ही फुगे एकावर एक चढतात, म्हणून घरात निवड करता येत असेल तर लांबट खोली घ्यावी.

सोफा मागच्या भिंतीला चिकटवला की फुगा सर्वांत मोठा, आणि खोलीच्या बरोबर मध्यावर बसले की तोच स्वर गायब. मागच्या भिंतीपासून खोलीच्या लांबीच्या साधारण एक तृतीयांश अंतरावर बसून सुरुवात करावी, मग ध्वनिमुद्रण पुन्हा वाजवत अर्ध्या-अर्ध्या फुटाने सरकावे. स्पीकर भिंतीपासून बरोबर एक मीटरवर असेल तर मागून परतणारी लहर ८६ हर्ट्झच्या आसपास मूळ आवाजाला खाऊन टाकते. मागची आणि बाजूची अंतरे सारखी ठेवली तर एकाच स्वराला दुहेरी फटका बसतो. ट्वीटर कानाच्या उंचीवर, दोन स्पीकर आणि श्रोता यांचा साधारण समभुज त्रिकोण, आणि स्पीकर टीव्हीच्या कपाटावर नव्हे तर जड स्टँडवर. स्पीकर आणि सोफा यांच्यामध्ये जाड सतरंजी किंवा गालिचा अंथरावा, पुस्तकांचे कपाट मागे किंवा बाजूला असू द्यावे. मात्र खोलीभर पातळ पडदे लावून ‘ध्वनिव्यवस्था’ झाली असे समजू नये: ते फक्त वरचे स्वर शोषतात, फुगा तसाच राहतो आणि पियानो वरून काळवंडतो.

जोडणीत लाल तार लालला आणि काळी काळीला आहे हे दोन्ही स्पीकरांवर तपासावे. एका बाजूला उलट लागली तर खर्ज नाहीसा होतो आणि पियानो खोलीत कुठेच उभा राहत नाही. मी एकदा आठवडाभर हे सोसून स्पीकरला दोष दिला आहे.

शेवटचे काम खडखड शोधण्याचे. माझ्या घरी मधल्या सीच्या खालच्या काळ्या पट्टीवर, आणि फक्त तिच्यावरच, डाव्या स्पीकरमधून बारीक झणझण यायची. वूफर फाटला अशी माझी खात्री झाली होती. स्पीकर उजवीकडे नेला, झणझण डावीकडेच राहिली. शोकेसच्या काचा दाबून पाहिल्या, वरच्या फळीवरचे स्टीलचे डबे उतरवले. अखेर स्टुलावर चढून पंख्याच्या दांड्यावरची वाटी हाताने धरली, तशी ती थांबली; वाटीचा स्क्रू अर्धा वळसा सैल होता.